नाका, नाक आणि खासगीपणा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. निपाणी कुणाची, ते ठरायचंय. निपाणीकराच्या नाकातलं काय निघालं हे कुणी बघायचं, ते मात्र 2021 मध्ये, कोरोनाच्या काळात, कर्नाटकच्या कोगनोळी नाक्यावर झटकन ठरलं. कागलकडून आलात? काढा 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर! तो पोलिसानं वाचायचा, मागच्या फटफटीवाल्यानं मान वाकडी करून वाचायचा.

त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटक सरकारनं विलगीकरणात घरी कोंडलेल्यांकडून रात्रीची झोप सोडून दर तासाला सेल्फी मागितला होता. एवढी विचारपूस सासुरवाडीतही होत नाही.

आरोग्य सेतू ॲप आलं एप्रिल 2020 मध्ये. त्यातली आरोग्याची माहिती संमतीविना इतर सरकारी खात्यांना देऊ नका, असा अंतरिम आदेश कर्नाटक उच्च न्यायालयानं दिला जानेवारी 2021 मध्ये. तोवर सगळ्यांचे खोकले मोजून झाले होते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2017 सालीच लागलाय. याचिकाकर्ते होते के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती.