कोसाडकर नवशिक्याने दणदणीत पिस्तूल कसं निवडावं

आधी वही घ्या आणि रकाने आखा: नाव, बोअर, वजन, दणका. सुरतेतल्या कोसाड आवासातल्या कुठल्याही पोराला मोबाइलवर तासभर व्हिडिओ बघू दिले, की पहिल्या ओळीत ‘डेझर्ट ईगल’ येणारच. लिहू द्या. .५० बोअर, रिकामं असताना वजन २ किलोच्या आसपास, गोळीची ऊर्जा साधारण २,००० ज्यूल. खाली साधं .३२ लिहा: २०० ज्यूल. दसपट! दोन रेघा मारा, बरं वाटतं.

आता यंत्राकडे बघा, कारण खरी तुलना तिथे आहे. साध्या .३२मध्ये गोळी सुटते तेव्हा स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, रोखून धरायला तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं. ९ मिमीचा दाब जास्त, म्हणून तिथे बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून थोड्या मागे जातात आणि मग सुटतात. ही जॉन ब्राउनिंगची करामत. डेझर्ट ईगलला तीही पुरत नाही. त्यात नळीतला थोडा गॅस वळवून रायफलीसारखा बोल्ट फिरवतात, म्हणून ते एवढं धूड. त्यात मॅगझिन मुठीत. काडतूस लांब की मूठ जाड, आणि दिवसभर हिरे घासून आलेल्या माणसाची बोटं काही लांब होत नाहीत. मनगट ढिलं पडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी अडकते आणि पुढची गोळी चढतच नाही. असो.

पुढची पायरी खोडरबराची, कायद्यात न बसणारं पुसायची. ९ मिमी आणि .४५ रिमलेस हे प्रतिबंधित बोअर, खोडा. परदेशी पिस्तूल मागवण्याची सामान्य परवानाधारकाची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली, नामवंत नेमबाजांना तेवढी सूट. डेझर्ट ईगल खोडा. मग बहुधा उरतं .३२: सरकारी कारखान्याचं ‘अशनी’, नाहीतर कुणाच्या आजोबांचं जुनं विलायती, ज्याची किंमत ऐकून माणूस बसून घेतो. काडतुसाची मात्र आपल्याला ओळख आहे. पोलिसांच्या बातम्यांत ‘के.एफ. ७.६५’ वाचता ना? तेच हे .३२. ते के.एफ. म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा कारखाना, १८६९चा.

परवान्याचा अर्ज सुरतच्या पोलिस आयुक्तांकडे. जिवाला धोका का आहे ते पटवावं लागतं. विसर्जनात डीजेवरून झालेली बाचाबाची त्यात बसत नाही. प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, घरात हत्यार सुरक्षित ठेवण्याची सोय, हे सगळं आलं. गादीखाली ही सोय नव्हे. निवडणूक लागली की पिस्तूल बहुधा ठाण्यात जमा. भाच्याच्या हळदीत हवेत बार काढलात तर २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथवर आल्यावर एखादा गाववाला कानाशी लागेल, “भो, चोपडा तालुक्यातून गावठी कट्टा…” त्याचंही मूल्यमापन करू. नळी कुणी तपासलेली नाही, ती फुटली तर बोटं तुमचीच. वहीत ‘वर्षं’ असा नवा रकाना घाला: विनापरवाना साधं हत्यार, २ ते ५, प्रतिबंधित बोअरचं, ७ ते १४. दणक्याच्या हौसेबरोबर हा आकडाही वाढतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मारलं, नेमबाजीत ते मिळवणारी पहिली भारतीय महिला. हातात काय होतं? .२२; तुमच्या .३२पेक्षाही मवाळ काडतूस. तेव्हा नवशिक्याने .१७७चं एअर पिस्तूल घ्यावं. २० ज्यूलच्या आतलं असेल तर परवाना लागत नाही. प्रशिक्षकाच्या नजरेखाली, रेंजवर, १० मीटरवरून कागदाच्या मधोमध सलग छर्रे बसायला लागू देत. बोअरचं मग बघू.