रवीकाका

तुमच्या सोसायटीतही ते असतीलच. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. पोर्तोहून परतल्यापासून हातात आलेला कुठलाही पातळ पदार्थ ते आधी गोल फिरवतात, मग नाकाशी नेतात, डोळे मिटून 'हं' म्हणतात आणि मग केव्हातरी पितात. ताक, कोकम सरबत, उसाचा रस, खोकल्याचं औषध, काहीही. श्रावणातल्या सत्यनारायणाला गुरुजींनी तळहातावर तीर्थ घातलं, तर काकांनी तळहातच फिरवला. निम्मं तीर्थ गुरुजींच्या उपरण्यावर गेलं. सोसायटीतली पोरं त्यांना रवीकाका म्हणतात. त्यांचं नाव रवी नाही.

पोर्तोला आम्ही त्यांच्याबरोबर होतो, त्यामुळे ही साक्ष डोळ्यांदेखतची आहे. उत्तर पोर्तुगालात डौरो नदी अटलांटिकला मिळते तिथे हे शहर उतारावर वसलंय. पण ज्या वाईनला याचं नाव मिळालं, तिच्या जुन्या वखारी नदीपलीकडे, गाया गावात. मध्ये १८८६ सालचा दोन मजली लोखंडी पूल. त्याच्या बरोबर मधोमध काकांनी एका जर्मन जोडप्याला अडवलं आणि हा पूल आयफेलचा नसून त्याच्या एके काळच्या भागीदाराचा आहे, आयफेलच्या कंपनीचा तो वरच्या अंगाला, १८७७ सालचा, हे समजावलं. त्या जोडप्याने फक्त फोटो काढून द्याल का, असं विचारलं होतं.

वखारीत माहिती सांगायला एक चुणचुणीत मुलगी होती. द्राक्षं नदीच्या वरच्या खोऱ्यात पिकतात, पूर्वी पिंपं राबेलो नावाच्या सपाट होड्यांमधून खाली यायची, रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचीच तीव्र दारू ओततात, मग आंबणं थांबतं, साखर मागे राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं, असं ती सांगत होती. आम्ही ऐकत होतो. काका रिकामा ग्लास फिरवत होते.

"काही प्रश्न?" तिने विचारलं.

काकांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गावी नसतं. काकांकडे आजन्म परवाना आहे. तो त्यांनी तिला दाखवला. तिने दोन्ही बाजूंनी पाहून आदराने परत दिला. मग १७५६ साली मार्क्विस द पोंबाल याने या द्राक्षखोऱ्याची हद्द कायद्याने आखली, असं ती म्हणाली मात्र, काका उसळलेच. "म्हणजे चिमाजीअप्पांनी तुमच्याकडून वसई घेतली, त्याच्यानंतर सतरा वर्षांनी!" मुलगी म्हणाली, "सॉरी." वसईबद्दल पोर्तुगालची ही दिलगिरी आता काका सगळ्यांना सांगतात.

मग वीस वर्षं लाकडात मुरलेली टॉनी नावाची वाईन आली. काकांनी ग्लास फिरवला. अक्रोड सापडला. पुन्हा फिरवला, सुकं अंजीर सापडलं. तिसऱ्यांदा फिरवताना पुढचा गट आत आला. काकूंनी त्यांचा ग्लास केव्हाच एका घोटात संपवला होता. "गोड आहे. बरी आहे," त्या म्हणाल्या, "अजून देतात का?" काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता परवाना काकूंनाही दाखवणार.

खाण्याच्या बाबतीतही तेच. तिथे बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ही पोर्तुगीज आदरातिथ्याची जुनी रीत, असं सांगून काकांनी सगळ्यांना आग्रह केला, ऑलिव्हचं तेलही वाटीत फिरवून दाखवलं. शेवटी बिलात आदरातिथ्य ओळीने लावलेलं होतं. नको असेल तर हात लावायचा नाही, पैसे लागत नाहीत, हा तिथला साधा नियम. फ्रान्सेझिन्या नावाचा पोर्तोचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पावात हॅम, सॉसेज आणि मांसाचा तुकडा, वर वितळलेलं चीज आणि त्यावर बिअर-टोमॅटोचा रस्सा. त्यातला रस्सा काकांनी फिरवला नाही. ताटली जड होती, दुसरं कारण नाही.

एका दुपारी जुन्या ट्रामने नदीकाठाने समुद्रापर्यंत गेलो. काका कुणालातरी भरतीची वेळ सांगायला गेले आणि काकू कठड्यावर बसून सहज बोलाव्यात तशा बोलल्या. काका एका कंपनीत हेडक्लार्क होते. फार पूर्वी साहेबाने दिलेल्या जेवणात त्यांनी वाईनचा ग्लास चहाच्या पेल्यासारखा मुठीत धरला आणि एका दमात रिकामा केला. सगळं टेबल हसलं. काकूंना हे काकांनी कधी सांगितलं नाही, त्यांच्या एका मित्राने सांगितलं. "तिकिटं काढली ना, तेव्हापासून रोज रात्री हे स्वयंपाकघरात. दिवा न लावता. ग्लासात पाणी घेऊन फिरवायचे. मला सकाळी ओटा ओला दिसायचा." एवढं सांगून त्यांनी विचारलं, इथे मासे चांगले कुठे मिळतात?

मासे मातोझिन्योशला मिळतात. पोर्तोच्या शेजारचं हे बंदर. खाणावळीबाहेर रस्त्यावरच निखाऱ्यांवर तारल्या भाजत होत्या. काकू सावंतवाडीच्या. पहिली तारली काट्यापर्यंत साफ करून त्यांनी निकाल दिला, "मीठ बरां लायलेला हा, पण तिरफळां खंय?" आणि पुढच्या पाच संपवल्या. शेजारच्या टेबलावर चार धिप्पाड माणसं होती. जाड काचेचे बुटके पेले मुठीत धरून ती वाईन एका दमात रिकामी करत होती. कुणीच कुणाला हसत नव्हतं. काका बराच वेळ तिकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे आपला ग्लास मुठीत धरणार आणि सुटणार. कसले! ते उठले, त्या टेबलाशी गेले आणि ग्लास कसा फिरवायचा हे त्यांनी त्या चौघांना शिकवलं. भाषा एकमेकांची कुणालाच येत नव्हती. पाच मिनिटांनी पाहतो तो चौघंही मन लावून फिरवताहेत आणि काका एकाचं मनगट धरून त्याला सावकाश, सावकाश म्हणताहेत. जाताना त्यातल्या एकाने काकांना मिठी मारली.

आता घरी टॉनीची एक बाटली आहे. पाहुण्याला त्यातली औषधाच्या टोपणाएवढी मिळते आणि ती पोटात जाईपर्यंत पोंबाल, वसई आणि पूल असं सगळं होतं. मी तीनदा ऐकलंय. पण एक कबूल करायला हवं. पाहुण्याने ग्लास कसाही धरो, मुठीत धरो, दोन्ही हातांनी धरो, काका हसत नाहीत. ते शिकवतात. छळ यानेच जास्त होतो, हे खरं. पण आमच्या लिफ्टमध्ये त्यांच्या मागे जे हसू चालतं, त्यात मीही असायचो, आणि त्या हसण्यापेक्षा हा छळ मला बरा वाटतो.

तुमच्याकडचे काका आले तर सरबत जरूर द्या. फक्त ग्लास अर्धाच भरा, आणि त्यांना पांढऱ्या सोफ्यावर बसवू नका.