जिताडा सोडून काहीही

पेणकर त्यागाला कधी मागे नसतो, फक्त त्याला वर्गणी म्हणायचं नाही. आमच्या आळीतल्या सज्जनांना हे नेमकं उमगलं. कातकरवाडीवरच्या पोरांना गोष्टींची पुस्तकं द्यायची ठरली तेव्हा त्यांनी पावतीपुस्तक छापलंच नाही. प्रत्येकाने आपली एखादी बारीकशी चैन सोडावी आणि वाचलेले पैसे पुस्तकांना द्यावेत, असं जाहीर केलं. सभेला खुर्च्या कमी पडल्या.

पहिला मान काकांचा. त्यांनी गोड सोडलं. टाळ्या. काकांना डॉक्टरांनी गोड कधीच बंद केलंय, हे टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं आणि उरलेल्यांना काकूंनी सांगितलं होतं. वकीलसाहेबांनी गाडीने गोव्याला जाणं सोडलं. आपल्या महामार्गाचं रुंदीकरण 2011पासून चालू आहे, त्यामुळे याला त्याग म्हणायचं की सुटका, यावर थोडी चर्चा झाली. एका वहिनींनी आपल्या यजमानांची शनिवारची ‘बैठक’ सोडली. ही बातमी यजमानांना सभेतच कळली. शेठ अध्यक्ष होते. त्यांनी हारतुरे सोडले. यापुढे वाढदिवसाला बुके नको, वह्या आणा, म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेठच्या पडवीत वह्यांचे गठ्ठे लागले. प्रत्येक वहीच्या कव्हरवर शेठ हसत होते.

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग मागच्या रांगेतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, ‘या मोसमात घरटी एक जिताडा सोडू या.’

सभेत जी शांतता पसरली, ती पुण्यामुंबईच्या वाचकाला समजायची नाही. खारेपाटातल्या तळ्यात पोसलेला जिताडा म्हणजे नुसता मासा नव्हे. कितीतरी अडकलेल्या फाइली त्याच्याच पाठीवर बसून पैलतीराला लागल्या आहेत. साहेबांच्या बंगल्यावर मागच्या दाराने जाणारी ती ओली पिशवी बंद केली, तर तालुक्याचा कारभार चालायचा कसा? ‘ती चैन नाही, कामकाज आहे,’ असा निर्वाळा एका निवृत्त अव्वल कारकुनांनी दिला. अनुभवाचे बोल. जिताडा यादीतून वगळला.

मग पोपटीतली कोंबडी काढा, अशी सूचना आली. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरला की पोपटी होतेच की! पण थंडीत शेतात शेकोटीभोवती बसून नुसत्या शेंगा सोलायच्या, हे कुणाला झेपेना. शेवटी त्या पोराने मंडळाच्या गणपतीची मूर्ती एक फूट कमी करायला सांगितलं. तसं पाहिलं तर हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून देशोदेशी गणपती पाठवणारा आपला तालुका. विद्येच्या देवतेचा एक फूट विद्येलाच मिळाला, तर देव काही रागावला नसता. मंडळ मात्र रागावलं. उंची हा अस्मितेचा प्रश्न आहे, असं कळलं.

एका गुरुजींनी मग विनोबा काढले. विनोबा आपल्याच तालुक्यातले, गागोद्याचे, जन्म 1895चा. घरातल्या मुलाने रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकायचं, हे त्यांचं सर्वोदय-पात्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना तेवढ्याने भागेना. त्यांनी भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंचं उदाहरण दिलं. साताऱ्याच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. हे ऐकून बऱ्याच बायकांचा हात आपसूक गळ्याकडे गेला. दागिने चाचपून खाली आला.

पैसे जमले ते सांगण्यासारखे नाहीत. तेव्हा घरातलीच जुनी पुस्तकं द्यायचं ठरलं आणि माळे रिकामे झाले. बाद झालेल्या अभ्यासक्रमाची दहावीची गाइडं, शेअरबाजारात श्रीमंत होण्याचे मार्ग (देणारे अजून भाड्याच्या खोलीत), मधुमेहींसाठी पाककृती (काकांची), आणि एक टेलिफोन डिरेक्टरी. रद्दीवाल्याने भाव पाडला की दातृत्व वाढतं, असा माझा जुना संशय आहे. शाळेची पुस्तकं आठवीपर्यंत सरकार फुकट देतंच. तिसरीतल्या पोराला हवं असतं मोठ्या अक्षराचं, चित्रांचं पातळ पुस्तक, दोन-तीन वडापावच्या पैशात येणारं. पण वडापाव कुणी सोडला नव्हता.

वाटपाला 26 जानेवारी धरली. मंडप, माइक, शाल-श्रीफळ, सगळं वेळेवर. वाडीवर पोहोचलो तर चार म्हाताऱ्या आणि कोंबड्या. कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. तारीख ठरवताना तेवढं राहून गेलं. अखेर एका म्हातारीच्या हातात शेअरबाजार देऊन फोटो काढला. बाकीचे गठ्ठे शाळेच्या कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. साठा-नोंदवहीत चढलेलं पुस्तक फाटलं, तर भरून कोण देणार?

परतताना तोच पोरगा टेंपोत म्हणाला, ‘भट्टीवरच जाऊ ना. तीन मैलांवर तर आहे.’ सगळे शेठकडे बघायला लागले. भट्टी शेठचीच. पोरं आत्ता तिथे थापलेल्या विटा उलटत असणार.

‘काम चालू असतं, धूळ फार,’ शेठ म्हणाले.

‘मग यंदाची उचल तरी सोडा. माणसं वाडीवर परततील, पोरं शाळेत बसतील.’

शेठ रागावले नाहीत. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘बाळा, आपलं ठरलंय चैन सोडायची. उचल हा धंदा आहे.’