शिक्षेच्या गावाहून, बदलीवाल्या साहेबांस

माननीय बदलीवाले साहेब,



जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते तेव्हापासून दालनादालनांतली धमकी आम्ही ऐकून आहोत: "फार बोललास तर मोखाड्याला टाकीन!" १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, फाइली नव्या कपाटात गेल्या, धमकी तेवढी जुनीच राहिली. चिरीमिरी घेताना सापडलेला, टेबलावर घोरणारा आणि कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलेला प्रामाणिक, असे तिन्ही प्रकार आपण एकाच गाडीनं आमच्याकडे धाडता. इतकी समदृष्टी संतांनाही जमली नसेल.

वर आदिवासी भागात काम केल्याबद्दल 'एकस्तर' आहेच, म्हणजे वरच्या पदाचा पगार. शिक्षा भोगणाऱ्याला बढतीचा पगार देणारा तुरुंग दुसरीकडे कुठे असल्यास कळवावे. कैदी मग नाशकाहून अप-डाऊन करतो. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव फाइलीला लागलेला असतो आणि वर्षाअखेरीस गोपनीय अहवालात 'अ' पडतो. पाड्यावर विचारलंत तर हा 'अ' अनुपस्थितीचा आहे, असं कुणीही सांगेल.

आता आमच्या पोरांचं. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेनं पेसा कायद्याखालच्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. पोरांनी २०२३ ची तलाठी परीक्षा दिली. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी, गुण २००. निकालात कुणाला तरी चक्क २१४ पडले. वेगवेगळ्या सत्रांतल्या गुणांचं नॉर्मलायझेशन, म्हणे! दोनशेत दोनशे चौदा बसवलेत, पण आमच्या पोरांना खुर्चीत बसवायची वेळ आली तेव्हा या पेसा भरतीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणाकडे बोट दाखवलंत. ही भरती व्हावी आणि आदिवासी आरक्षणात वाटेकरी नको, म्हणून ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्याच सुमारास नेमणुका निघाल्या, त्याही मानधनावर. शिक्षेवर आलेला कायम, घरचा कंत्राटी.

तेव्हा पुढच्या वेळी माणूस आम्हांलाच निवडू द्या. परीक्षा आम्ही घेऊ, प्रश्न दोनच. दिवाळी सरली की वर्गातली मुलं कुठे जातात? ('गैरहजर' म्हटल्यास शून्य. 'आईबापाबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर' म्हटल्यास पास. भट्टीवर जाऊन मुलं परत आणली असतील तर जादा गुण, हवे तर २१४.) दुसरा: सात दिवसांची बाळंतीण वारली बोलीत काही सांगते आहे, तिला काय होतंय?

परीक्षा तोंडी, केंद्र पाड्यावर. नाशकाला परतायची शेवटची एसटी चुकणार, हे हॉलतिकिटावर आधीच छापून ठेवतो.

आपला,
शिक्षेच्या ठिकाणीच जन्मलेला एक रहिवासी