दोन फूट अंतर ठेवा

छातीत पेसमेकर आणि नाकाडोंगरीत वेल्डिंगचं दुकान, असा माझा संसार. नागपूरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. यंत्र हृदयाचे बारीक विद्युत संकेत ऐकत असतं; जवळच्या आर्कचा गोंगाट त्याला हृदयाचाच ठोका वाटला, तर ते ‘चाललंय की बरं’ म्हणून स्वतः गप्प बसतं आणि मालकाला चक्कर येते. म्हणून करंट १३० अँपिअरच्या आत, ठिणगी छातीपासून ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट लांब, केबल खांद्यावर गुंडाळायची नाही.

मी त्यातले ‘दोन फूट’ तेवढे उचलले आणि अख्ख्या जगाला लावले. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. सबब चहा करणं बंद. (हा नियम खरा आहे, बायकोनं डॉक्टरांना फोन करून खात्री केली.) उधारी मागणाऱ्यांपासूनही दोन फूट.

सासरे म्हणाले, “डोंगरी बुजुर्गच्या खाणीकडे जाऊ नोका जी, ते मँगनीज तुमाले वढून घेईन.” त्या काळ्या दगडाला साधं लोहचुंबक चिकटत नाही, तो ड्राय सेलच्या कामाचा, हे मीच गावाला ऐकवत आलोय. तरी खाणीकडचं ट्रॉलीचं काम मी दुसऱ्याला देऊन टाकलं.

मग एकदा मोटारसायकलवर तुमसरला निघालो, रॉड आणायला. वाटेत छाती धडधडू लागली. गाडीच्या प्लगची ठिणगी! उतरलो, दोन फूट मोजले आणि मोहाखाली आडवा झालो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना निरोपही सांगून ठेवले.

१९५८ साली स्टॉकहोममध्ये ज्यांना पहिला पेसमेकर बसवला, ते आर्ने लार्सन दोन डझनांहून जास्त यंत्रं बदलत ८६ वर्षांपर्यंत जगले, हे मला पाठ होतं. पण त्यांच्या नशिबी आमचा रस्ता कुठं होता?

नागपूरला डॉक्टरांनी छातीवर तपासणीचं यंत्र धरलं, पडद्याकडे पाहिलं.

“हृदय ठीक आहे. पेसमेकरमधला सेन्सर हादऱ्यांवरून ओळखतो की माणूस चालतोय, आणि ठोके वाढवतो. रस्ता कसा आहे तुमच्याकडचा?”

म्हणजे मी सीटवर बसलो होतो आणि यंत्राच्या हिशेबी डोंगर चढत होतो. सेन्सर जरा मंद करून मिळाला.

दुकानात पोऱ्यानं विचारलं, “काय निघलं जी, मालक?”

“रस्ता.”

पोऱ्या विचारात पडला. “मंग रस्त्यापासून किती फूट दूर रावाचं?”