काही करत नाही तो

उसात बिबट्या आल्याची आवई लोणी देवकरला उठली, की माणसं दोन गोष्टी करतात. कुणी घराबाहेर मोठा दिवा लावतं, कुणी कुत्रं पाळतं. मी वीजबिलाचा विचार करून कुत्रं आणलं. नाव ठेवलं वाघ्या. बिबट्यानं निदान नावाला तरी बिचकावं, एवढीच अपेक्षा.

बिबट्याची आवई जोरात असली की वाघ्या माझ्या कॉटखाली असे. त्याचा सगळा पराक्रम शेजारच्या तात्यांसाठी राखून ठेवलेला. तात्यांची मोटार उजनीच्या पाण्यावर, आणि तिकडची वाट माझ्या अंगणातून. थ्री फेज लाईट रात्री बाराची असली की दारं धरायला तात्या खोरं आणि बॅटरी घेऊन निघत, आणि वाघ्या सुटे. मी अंथरुणातूनच ओरडे, "काही करत नाही तो!" कुत्रं पाळणाऱ्याला हे एक वाक्य आलं की भागतं. कुत्र्याला मात्र ते कुणी सांगितलेलं नसतं.

एका रात्री त्यानं केलं. तात्यांच्या पोटरीला दात लागला. रक्त नाही, पण कातडं खरवडलं. मी हळदीचा डबा घेऊन धावलो. तात्यांच्या सूनबाईंनी तो काढून घेतला, हातात साबणाची वडी दिली आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली. कुत्रं माझं, पाय तात्यांचा, आणि रात्री साडेबाराला हौदाकडेला तो पाय धूत बसलेला मी. त्यांचा पुतण्या मोबाईलवरून वाचून दाखवत होता : न्याय संहिता, कलम 291, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. "किंवा दोन्ही," हे त्यानं दोनदा वाचलं.

सकाळी तात्यांना मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. हायवेभर एक शब्द नाही. त्यांच्या डोक्यात पोटातली चौदा इंजेक्शनं. ती केव्हाच बंद झाली, असं सांगून डॉक्टरांनी दोन्ही दंडांत टोचलं आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या : तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. मग माझ्याकडे वळले. "कुत्र्याला लस दिलीय?" मी पंख्याकडे बघितलं. "मग दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजा."

चावलं त्या रात्री "मरत कसं नाही हे!" म्हणणारे तात्या दुसऱ्या दिवशी सहालाच दारात.

"आहे का?"

"आहे."

"भाकरी खाल्ली?"

"अर्धी."

"अर्धीच का?" तात्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी दुधाचा तांब्या घेऊन आले. चौथ्या दिवशी वाघ्या शिंकला, तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग सूनबाईंकडून अंडी आली. एमआयडीसीत कामाला जाणारा पुतण्या, तोच कलमवाला, येता-जाता बिस्किटं टाकू लागला. मला गेल्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा अर्ध्या भाकरीची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. मी तसं बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "तुम्ही कुठं कुणाला चावता?"

दहा दिवस सुखरूप गेले. अकराव्या दिवशी तात्या सवयीनं आलेच. बाराव्या दिवशी वाघ्याला लस टोचली, तेव्हा त्याला धरायला तात्याच लागले. मला तो हात लावू देईना. पुढं तो त्यांच्याबरोबर दारं धरायला जाऊ लागला. ते पाण्यात उभे, हा बांधावर. झोपायलाही त्यांच्याच पडवीत. भाकरीला तेवढा माझ्याकडे येई, तीही पुरी खाई.

परवा माझी लाईट बाराची होती. पडवीवरून चाललो होतो, तोच अंधारातून वाघ्या सुटला. हाक मारली तर जास्तच चवताळला. खोरं टाकलं आणि सरळ उसात शिरलो, बिबट्या असतो म्हणतात त्याच उसात.

पडवीतून, अंथरुणातून, तात्यांचा झोपाळू आवाज आला, "काही करत नाही तो!"