अपील फेटाळणाऱ्या समितीस, मुक्ताईनगरहून

माननीय अपील समिती,
नवी दिल्ली



आमच्या तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, अशी कथा आहे. आपला कारभार नेमका उलटा. आमचा माजी सैनिक डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची प्रत, पोस्टिंगची यादी असे सगळे जोडून अपंगत्व पेन्शन मागतो आणि आपण एका ओळीत मोकळे होता: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. अपील नामंजूर.

भरतीच्या वेळी याच गड्याची छाती, डोळे, दात, तळपाय बघून आपल्याच डॉक्टरांनी 'फिट' लिहिले होते. मग बीपी आणि साखर आली कुठून? तर म्हणे, आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीवर, सुरू झाला. म्हणजे जवान सियाचीनहून ठणठणीत उतरला आणि छावणीच्या फाटकावर आजार त्याची वाट बघत उभा होता! धन्य ते निदान.

भरतीच्या कागदात आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असे धरावे, उलटे सिद्ध करणे सरकारचे काम, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात 2013 सालीच सांगितले. टपाल उशिरा पोचत असावे. कारण मार्च 2025 मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की नुसते 'पीस स्टेशन' म्हणून भागत नाही. तेही सशस्त्र दल न्यायाधिकरणाने जवानाला दिलेली पेन्शन अडवायला सरकारच तिथे गेले म्हणून. पुढे जुलैत त्याच न्यायालयाने अशा सुमारे 300 सरकारी याचिका फेटाळल्या. वकिलांची बिले मात्र नामंजूर झाल्याचे ऐकिवात नाही.

विधवेचा हिशेब तर सोपाच. पतीचा मृत्यू सेवेमुळे मानला तर शेवटच्या पगाराच्या 60 टक्के विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, नाही मानला तर 30. आपल्या एका शेऱ्याने त्या घरातली निम्मी भाकरी कमी होते.

तरी विनंती इतकीच. फेटाळायचेच असेल तर कारण लिहा. मुंबईच्या न्यायाधिकरणापर्यंत जाणाऱ्याच्या पिशवीत निदान वाचण्याजोगा कागद असू द्या. आणि तिथे तो जिंकलाच, तर कृपा करून वरच्या कोर्टात त्याच्या मागे लागू नका.

आपला,
माजी सैनिकांचे अर्ज लिहून देणारा,
मुक्ताईनगर, जि. जळगाव